कानातला मळ आणि बड्स : वाचकांच्या शंका

कान साफ करण्याबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून पुन्हा एकदा.

प्रश्न : आंघोळीनंतर कानात बड फिरवल्याशिवाय चैन पडत नाही. चांगल्या कंपनीचा वापरला तर चालेल ना?

उत्तर : नाही. कंपनीचा इथे संबंधच नाही. १९२३ मध्ये अमेरिकेत लिओ गर्स्टेनझँग यांनी पत्नीला टूथपिकला कापूस गुंडाळून बाळाला स्वच्छ करताना पाहिलं आणि तयार बड काढला. आज 'कानाच्या नळीत घालू नये' असं बहुतेक पाकिटांवरच छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण? मोठ्या माणसाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या भागात. नळीची त्वचा पडद्याकडून बाहेर सरकत असते, जबडा हलतो, मळ आपोआप बाहेर येतो. बडने कापसाला थोडा लागतो, बाकीचा पडद्यापाशी ठासला जातो. त्यावर पाणी गेलं की तो फुगतो आणि कान गच्च. रोज घासल्याने मळाचा तेलकट थर जातो, खाज सुटते, खाज सुटली की पुन्हा बड. त्वचेला बारीक चिरा पडतात आणि पावसाळ्यात तिथे बुरशी धरते. मधुमेहींमध्ये कानाचा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत जाऊ शकतो. मधुमेह असून कान ठणकत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्रभर वाट पाहू नका.

प्रश्न : कागदी काडीचे बड्स तरी सुरक्षित?

उत्तर : प्लॅस्टिकच्या काडीवर १ जुलै २०२२ पासून बंदी आली ती कचऱ्यामुळे. कानाला दोन्ही सारखेच.

प्रश्न : लसूण घालून कढवलेलं कोमट तेल?

उत्तर : नको. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मध्यकर्णात जातं.

प्रश्न : पार्लरमध्ये कानात पोकळ मेणबत्ती लावून मळ ओढून काढतात. करून घेऊ का?

उत्तर : पैसे वाचवा. तिच्यात ओढच निर्माण होत नाही. 'मळ' म्हणून दाखवतात ते तिचंच जळकं मेण. कान भाजतो तो वेगळाच.

प्रश्न : दहा दिवसांपूर्वी सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झाला. मेडिकलवाल्याने मळ विरघळवणारे थेंब दिलेत, अजून फरक नाही.

उत्तर : कानात न पाहता दिलेले थेंब बंद करा. हा मळही असेल, पण नसेचा अचानक आलेला बहिरेपणाही अगदी असाच वाटतो. त्यावर स्टेरॉइडचा उपयोग मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत होतो, आणि त्यातले दहा दिवस तुम्ही घालवलेत. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून घ्या.