खुदी, खुद्द आणि स्वतः

उर्दू-फारसी कवी मुहम्मद इक्बाल यांच्या ‘खुदी को कर बुलंद इतना’ या ओळीतील ‘खुदी’ला मराठीत अहंकार म्हणावे की स्वाभिमान, असे एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही नकोत. ‘स्वतःचा अभिमान इतका वाढवा’ हा अर्थ मी व्यासपीठांवरून वारंवार ऐकतो आणि दर वेळी अस्वस्थ होतो. उर्दूत खुदी म्हणजे घमेंड हा रूढ अर्थ खराच. पण तो आपल्याला अभिप्रेत नसून केवळ आत्मभान अभिप्रेत आहे, असे १९१५ साली ‘असरार-ए-खुदी’ या फारसी काव्याच्या प्रस्तावनेत इक्बालांनी स्वच्छ लिहिले होते.

शब्दाचे कूळ पाहिले तर वादच उरत नाही. संस्कृतातील शब्दारंभीच्या ‘स्व’चा इराणी भाषांत ‘ख्व’ होतो: स्वप्न तिकडे ख्वाब, स्वसृ म्हणजे बहीण तिकडे ख्वाहर. त्याच वाटेने ‘स्वतः’चे भावंड ‘खुद’ झाले आणि आपण दकाराला द्वित्व देऊन त्याचे ‘खुद्द’ केले. ‘ते खुद्द स्वतः आले’ असे म्हणताना आपण एकच शब्द दोन वेशांत उच्चारतो! ‘खुदा’ म्हणजे ‘खुद आ’, स्वतःहून आलेला, ही कोशांतून फिरणारी फोड मला मुळीच मान्य नाही. शब्दाची जुनी इराणी रूपे पाहता त्याच्या उत्तरार्धात सामर्थ्यवाचक ‘तव’ आहे, वैदिक ‘तवस्’चा सगोत्र, म्हणून खुदा म्हणजे स्वतःच्या बळावर समर्थ असलेला धनी. ‘खुदी’च्या पुढच्याच ओळीत, ‘खुदा बंदे से खुद पूछे’ मध्ये, ‘खुदा’ आणि ‘खुद’ येतात, तेव्हा तिन्ही शब्दांत तोच ‘स्व’ घुमतो.

म्हणून ‘खुदी’साठी मी ‘स्वत्व’ सुचवतो. त्यात मूळचा ‘स्व’ही सांभाळला जातो. ‘असरार-ए-खुदी’च्या त्याच प्रस्तावनेत इक्बाल श्रीकृष्ण आणि रामानुज यांची बाजू घेतात, कर्मत्याग म्हणजे फलासक्तीचा त्याग असे सांगतात आणि शंकराचार्यांना दोष देतात. संन्यासाऐवजी कर्मयोग मांडणारे टिळकांचे ‘गीतारहस्य’ही १९१५ चेच. एकाने दुसऱ्याचे वाचले असे मी म्हणत नाही. पण पारतंत्र्यातल्या दोन विचारवंतांना संन्यासाची तीच अडचण एकाच वर्षी छापून मांडावीशी वाटली, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

‘स्वाभिमान’ आणखी एका कारणाने अपुरा पडतो. ‘रुमूझ-ए-बेखुदी’ या पुढच्या काव्यात इक्बालांनी ‘बेखुदी’चाही अर्थ बदलला: सूफींची भानहरपली तंद्री नव्हे, तर व्यक्तीने मिल्लतीत, म्हणजे धर्मसमुदायात, सामावून जाणे. खुदी तिथे समुदायाची होते, आणि १९३० च्या मुस्लिम लीगपुढील अलाहाबादच्या भाषणात पंजाब, वायव्य सरहद्द प्रांत, सिंध व बलुचिस्तान यांचे एक राज्य करण्याची जी मागणी त्यांनी केली, तिच्यामागे हाच विचार होता. ती मागणी मला पटत नाही. पण तिचे मूळ एका माणसाच्या अभिमानात शोधणाऱ्याला ती कळणारही नाही.