वाचकांचे प्रश्न : हप्ता ‘पाण्यात’ जाण्याची भीती

प्रश्न : माझे यजमान नवा मोबाइल घेताना त्याच्या स्क्रीनचा विमा न चुकता उतरवतात, पण टर्म इन्शुरन्सचा (ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच कुटुंबाला रक्कम देणाऱ्या विम्याचा) विषय काढला की ‘काही झालं नाही तर सगळे पैसे पाण्यात’ म्हणून उडवून लावतात. आता विमा प्रतिनिधीने मुदतीअखेर हप्ते परत देणारी पॉलिसी सुचवली आहे. ती घ्यावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या यजमानांसारखी माणसे घरोघरी आहेत. मोठ्या नुकसानीने संसार कोलमडू नये म्हणून माणूस सरासरी नुकसानीपेक्षा थोडा जास्त हप्ता राजीखुशीने भरतो, याची मीमांसा गणितज्ञ डॅनियल बर्नूली यांच्या 1738 मधील लेखनात सापडते. या हिशेबाने स्क्रीनचा विमा चैन ठरतो आणि कमावत्या माणसाचा गरज. प्रत्यक्षात उलटे का घडते, याचा उलगडा मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तातून होतो : शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याची बोच आपल्याला अधिक लागते. फुटलेली स्क्रीन सहज डोळ्यांपुढे येते. ऐन उमेदीतला मृत्यू मनात आणणेही नको वाटते (काही घरांत तर त्याचा उच्चारही अशुभ). मग दिसत राहतो तो केवळ दरवर्षी खात्यातून जाणारा हप्ता, आणि तो संरक्षणाची किंमत न वाटता निव्वळ तोटा वाटतो.

हप्ते परत देणारी पॉलिसी ही बोच अचूक हेरून बेतलेली असते. तिचा हप्ता तेवढ्याच संरक्षणाच्या साध्या टर्म पॉलिसीपेक्षा बराच जास्त असतो, आणि परत मिळणाऱ्या हप्त्यांवर सहसा व्याज नसते. आज भरलेले 15,000 रुपये 30 वर्षांनी तेवढेच हाती आले आणि महागाई सरासरी 6 टक्के राहिली, तर त्यांत आजच्या सुमारे 2,600 रुपयांइतकीच खरेदी होईल. म्हणजे जे पैसे पाण्यात जाऊ नयेत म्हणून हा खटाटोप, त्यांतले बहुतेक जातातच.

म्हणून साधी टर्म पॉलिसी घ्यावी आणि हप्त्यातील फरक पीपीएफसारख्या ठिकाणी गुंतवावा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही लागत नाही. तरीही यजमान साध्या पॉलिसीला तयार झालेच नाहीत, तर विम्याविना राहण्यापेक्षा प्रतिनिधीने सुचवलेली पॉलिसी बरी; मात्र हप्ता परवडावा म्हणून विम्याची रक्कम कमी करू नये.