पायाला घासतं, मग ओरबाडतं!

प्रश्न: ताई, आमच्या मागच्या जिन्यात एक करड्या पट्ट्यांचं मांजर येतं. दोन महिने झाले असतील. कधी सलग तीन दिवस येतं, मग आठवडाभर पत्ताच नाही. मी वाटीत दूध ठेवते, ते पितं, पण हात पुढे केला की धूम. परवा मात्र स्वतःहून येऊन पायाला अंग घासलं, मी इतकी खूश झाले की लगेच उचलून घ्यायला गेले आणि त्याने मनगटावर तीन रेघा ओढल्या. मी त्याला आवडत नाही का? आणि ते कायमचं आमच्याकडे राहावं म्हणून काय करू?

उत्तर: आधी मनगट. तुम्हाला वेगळं कळवलंच आहे, पण बाकीच्यांसाठी परत सांगते, अनोळखी मांजराने चावलं किंवा ओरबाडलं तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारायचं. रक्त आलं नाही, एवढीशी तर रेघ आहे, म्हणून अंगावर काढायचं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. आवडत नाही असं अजिबात नाहीये, उलट तुम्ही आवडताय म्हणूनच ते जवळ आलं. मांजराच्या गालापाशी, कपाळावर, शेपटीच्या बुडाशी वासाच्या ग्रंथी असतात, पायाला घासून ते स्वतःचा वास तुम्हाला लावतं, म्हणजे ही बाई ओळखीची. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात ओळखीच्या बाईने वरून वाकून त्याला जमिनीवरून उचललं! वरून येणारा हात आणि पाय अधांतरी, त्याच्या दृष्टीने हे पकडलं जाणंच की. आपल्याला लाड वाटतात हा आपला प्रॉब्लेम आहे.

तर निदान काही आठवडे उचलणं बंद. ते आलं की पायरीवर बसा, त्याच्याकडे तोंड करून नाही, जरा तिरकं, आणि मोबाईल बघा, पुस्तक वाचा, काहीही करा पण टक लावून त्याच्याकडे बघू नका. नजरानजर झालीच तर डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडा. हसू नका, २०२० साली इंग्लंडमधल्या ससेक्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी हे तपासून बघितलंय, असे सावकाश डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाने हात पुढे केला तर मांजरं जास्त जवळ गेली, कोऱ्या चेहऱ्याच्या माणसाकडे कमी. मग एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा आणि थांबा. हुंगून त्याने स्वतः गाल लावला तर गालावर, हनुवटीखाली दोन-तीनदा खाजवायचं आणि आपण होऊन हात मागे घ्यायचा. परत डोकं पुढे आलं तर अजून थोडं. शेपटी झटकायला लागली, कान मागे गेले किंवा पाठीची कातडी थरथरली की बास. आणि ते उताणं पडलं तर पोटाला हात लावायचा मोह आवरा, विश्वास दाखवतंय ते, तिथे हात घाल म्हणत नाहीये.

दूध बंद करा बरं का. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पितात आवडीने आणि नंतर पोट बिघडतं. मांजराचं तयार खाणं किंवा बिनमिठाचं उकडलेलं चिकन थोडंसं द्या (कांदा-लसूण मांजराला विषारी, त्यामुळे आपल्या पातेल्यातलं नको), रोज एकाच वेळी, आणि अर्ध्या तासाने वाटी उचलून ठेवा. पाणी थोडं लांब. आणि कधी लंगडत आलं तर आपल्या घरातलं औषध देऊ नका, पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर जाऊ शकतं.

कायमचं राहण्याचं मात्र जरा थांबा. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात लागला नसेल तर मोठेपणी ते सहसा असं पायाला घासायला येत नाही. म्हणजे तुमचं हे मांजर कुणाच्या तरी घरात वाढलंय आणि कदाचित अजूनही राहतंय. आमच्याकडे एक बोका यायचा, मी त्याला आपलाच समजून खाऊ घालत होते. एकदा गळ्यात कागदाची सैल पट्टी डकवली, अडकली तर फाटेल अशी, त्यावर लिहिलं 'हा तुमचा आहे का?' दोन दिवसांनी पट्टी परत आली, 'हो, आमचा', आणि खाली वेगळ्या अक्षरात 'आमचाही, रात्रीचा'. मला इतकं हसू आलं, जरा वाईटही वाटलं. आठवडाभर गायब असतं ना, तेव्हा तुमचं मांजरही असंच कुठेतरी आरामात असण्याची शक्यता आहे.

ते मान हाताळू द्यायला लागलं की पट्टीचं करून बघा. मालक सापडला तर काय खाऊ घालताय ते त्यांना सांगा, मांजराला एखादं पथ्य असेल तर त्यांनाच माहीत असणार. दोन-तीनदा पट्टी लावूनही उत्तर आलं नाही तर पिंजऱ्यातून व्हेटकडे न्यायचं, लसी आणि नसबंदी, ही टाळू नका, मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत पिल्लं. एका कानाचं टोक सरळ कापलेलं दिसतंय का तेही बघा, तसं असेल तर ऑपरेशन बहुतेक आधीच झालंय. मग घरात घ्यायचं तर घ्या, दार काही दिवस उघडं ठेवा, आत त्याचं ते येईल.

तोवर पायरीवर बसताना लांब बाह्यांचं काहीतरी घाला.