कुत्र्याच्या दोन महिन्यांच्या पिल्लाला पहिली लस दिली आहे. आता सोसायटीत खाली फिरायला न्यावं का?

इतक्यात जमिनीवर सोडू नका. पिल्लू सोळा आठवड्यांचं झाल्यावरचा डोस होऊन दोनेक आठवडे जाऊ द्या. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडे टिकते आणि लसीलाच निष्प्रभ करते. ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लागणिक वेगळं, म्हणून पार्वो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची लस दर ३-४ आठवड्यांनी पुन्हा देतात आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आत संपवत नाहीत. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या (डब्ल्यूएसएव्हीए) मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो, त्यामुळे 'खाली दुसरं कुत्रं नाही' याला अर्थ नाही.

सोबत एवढं बघा:
- रेबीज: तीन महिन्यांचं झालं की, पुढे दरवर्षी. हिला टाळाटाळ नको.
- जंताचं औषध: सध्या दर पंधरा दिवसांनी, वजन करूनच.
- गोचीड: पावसाळ्यात रोज कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात चाचपा.

मात्र घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन रिक्षा, माणसं, कुकरची शिट्टी सगळं दाखवा. जुलाब किंवा ताप असेल तर लस पुढे ढकला, डॉक्टरांना आधी दाखवा.