वजन ६१ किलो, गोड खात नाही, तरी एचबीए१सी ६.१ कशी?

तुम्ही लिहिलंय: वय ३६, उंची पाच फूट सात इंच, वजन ६१ किलो, दिवसभर कॉम्प्युटरसमोर काम, व्यायाम नाही, वडिलांना शुगर. चहासुद्धा बिनसाखरेचा. तरी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ आली. बारीक माणसाला डायबेटिस होतो का, की लॅबची चूक आहे?

मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम अठरा वर्षं करते आहे. सडपातळ माणसं रिपोर्ट हातात घेऊन अगदी हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे अण्णा पतसंस्थेत कारकून होते. उभ्या आयुष्यात वजन ५६ च्या वर गेलं नाही. हातपाय काड्यांसारखे, पण घरी बनियनवर बसले की पोटाची लहानशी गोलाई दिसायची. वय झालं की पोट सुटतंच, असं आम्ही म्हणायचो. आधी ते सायकलने कामावर जायचे, नंतर स्कूटर आली. पन्नाशीत त्यांना थकवा जाणवायला लागला, तेव्हा एका दवाखान्यात त्यांनी आपणहून शुगर तपासायचं का विचारलं. तिथे उत्तर मिळालं, "तुमच्यासारख्या काडीला कसली शुगर?" पुढे तीन वर्षांनी चपलेचा खिळा तळव्यात रुतला, तो त्यांना कळलाच नाही. संध्याकाळी आईने फरशीवर रक्ताचे ठसे पाहिले. त्या दिवशी शुगर ३१२ निघाली. उजव्या पायाची दोन बोटं गेली. ती तीन वर्षं मला आजही खुपतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. वजनकाटा एकूण भार सांगतो, त्यात स्नायू किती आणि चरबी किती हे सांगत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूंमध्ये जाते. स्नायूच कमी असतील तर तिला जायला जागा कमी. त्यात यकृतात आणि आतड्यांभोवती चरबी साठली की इन्सुलिनचा, म्हणजे साखर रक्तातून पेशींत पोचवणाऱ्या हार्मोनचा, असर कमी होतो. मग तेच काम करायला स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. काही वर्षं ते रेटून नेतं, मग थकतं. ही चरबी आत असते, शर्टाच्या मापात ती दिसेलच असं नाही.

यावर फार मोलाचं काम आपल्या पुण्यातच झालंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! स्वतःच्याच शरीराचा आकडा असा मांडणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

याची सुरुवात कुठे होते, तेही याज्ञिकांच्या चमूने शोधलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा त्यांनी अभ्यास केला. या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरची कातडी चिमट्यात धरून मोजली तर चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे आईच्या पोटात असतानाच शरीर काटकसर शिकतं आणि चरबी तेवढी राखून ठेवतं. पुढे त्याच शरीराला भरपूर भात, बिस्किटं आणि दिवसभराची खुर्ची मिळाली की गणित बिघडतं. आईला विचारा, जन्मताना तुमचं वजन किती होतं. बहुतेक आयांना आठवतं.

हा श्रीमंतांचा, जाड्या माणसांचा आजार ही समजूत जगाच्या आकड्यांनीही खोटी ठरवली आहे. इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात २० ते ७९ वयाच्या ५८.९ कोटी लोकांना डायबेटिस होता. त्यातले दर पाचांतले चार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले, आणि दहातल्या चौघांना आपल्याला तो आहे हेच माहीत नाही. भारतात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत (२०२३ मध्ये प्रसिद्ध झाली) १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आणि आणखी १३.६ कोटी तुमच्यासारखे सीमेवर, म्हणजे प्रीडायबेटिसमध्ये असल्याचं दिसलं. डायबेटिसचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. अण्णांना जे ऐकावं लागलं, तसं अजून किती जणांना ऐकावं लागत असेल याचा विचार आला की जीव तुटतो.

तुमचा धोका घरबसल्या मोजता येतो. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी एक सोपा स्कोअर केला आहे. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, आईवडिलांपैकी एकाला डायबेटिस म्हणून १०, बैठं काम आणि व्यायाम नाही म्हणून ३०. तुमचे कमरेचं माप घ्यायच्या आधीच ६० झाले, आणि ६० पासून पुढे धोका जास्त मानतात. आता शिंप्याची टेप घ्या, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. पुरुषांना ९० सेंटिमीटर ही हद्द, बायकांना ८०. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली घालायची सवय असते.

६.१ म्हणजे अजून डायबेटिस नाही. ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ पासून डायबेटिस. इथून मागे फिरता येतं. चेन्नईतच प्रीडायबेटिसच्या लोकांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसतं खाणं आणि हालचाल बदलून तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं.

तुम्हाला वजन घटवण्यापेक्षा स्नायू वाढवायची गरज जास्त आहे, असं मला वाटतं. उपास करू नका. आपल्याकडच्या जोर-बैठका उत्तम, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा. जेवल्यावर लगेच आडवं न होता पंधरा मिनिटं चाला. ताटात उसळ, अंडी, दही, पिठलं वाढवा, भात-पोळी त्या मानाने कमी करा. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार भाकऱ्या खाल्ल्या तर पिष्ट तेवढंच पोटात जातं. साखरेऐवजी गूळ घेऊन काही साधत नाही.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. वजन आपोआप उतरायला लागलं, खूप तहान लागू लागली, रात्री वारंवार लघवीला उठावं लागलं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सडपातळ माणसांत कधी कधी वेगळ्या प्रकारचा, इन्सुलिनच बनेनासा होणारा डायबेटिस निघतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

आणि लॅबच्या चुकीबद्दल: अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. म्हणून आता उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर करून घ्या, सोबत हिमोग्लोबिनही. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा. आणि सख्खी भावंडं असतील तर त्यांनाही तपासायला घेऊन जा, ती कितीही बारीक असली तरी.