उधारी बंद, रोखीनं चालू

ताई, मी गोरेगावला राहते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही तिघींनी घरगुती पदार्थांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. आज त्यात आठशेच्या वर माणसं आहेत. मोठे नियम दोनच: पदार्थ स्वतःच्या हातचा हवा, आणि ऑर्डर झेपत नसेल तर आधी सांगायचं. गेल्या दिवाळीत आमच्यातल्याच एकीनं १४ घरांकडून आगाऊ पैसे घेतले आणि दादरहून किलोवर आणलेले अनारसे, चकल्या 'घरचं' म्हणून डब्यांत भरून दिल्या. बोभाटा झाला. मी रात्री अकराला तिला काढून टाकलं. महिन्याभरात तिनं सगळ्यांचे पैसे परत केले. मधे एकदा नणंदेच्या नंबरावरून ग्रुपमध्ये शिरली, तेव्हाही काढलं. आता म्हणते, परत घ्या. तिच्या सासूबाई तेव्हा हॉस्पिटलात होत्या, असं सांगते. एक मैत्रीण म्हणते कायमची बंदी, दुसरी म्हणते मतदान घेऊ. ती मला रोज स्टेशनवर दिसते आणि मी मोबाइलमध्ये डोकं घालते. काय करू?
— एक ॲडमिन

आधी अनारशांचं बोलते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटायचे, गुळात मळून पीठ मुरवायचं, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर हसायचे (म्हणजे विरघळून फुटायचे) ते हसतातच. ज्यांनी ऑर्डर दिली त्यांनी या तीन दिवसांचे पैसे मोजले होते. त्यामुळे 'अनारसेच तर होते' असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. सासूबाईंचं कारण खरं असेलही. पण 'जमत नाही, पैसे परत करते' एवढा मेसेज हॉस्पिटलच्या बाकावरूनही टाकता आला असता.

तरी कायमची बंदी मला पटत नाही.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. खालच्या मजल्यावर एकानं भिशीचे पैसे उडवले होते. त्याला चाळीतून काढणार कोण? पुढची भिशी कुणी त्याच्या हातात दिली नाही. वाण्यानं उधारी बंद केली, पण रोखीनं तांदूळ, डाळ देत राहिला. गणपतीत मखराचे खिळे ठोकायला मात्र तो असायचाच. पाचेक वर्षांनी वर्गणीचं पावतीपुस्तक त्याच्याकडे आलं. कुणी बैठक घेतली नाही, ठराव केला नाही. तो रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, एवढंच.

तुमच्या ग्रुपवर नेमकं हेच होत नाही. एकदा काढलं की माणूस दिसेनासा होतो. व्हॉट्सअ‍ॅप गेलेल्यांची नावं ६० दिवस दाखवतं, मग तीही जातात. राहते फक्त त्या रात्रीची आठवण. ती बाई बदलली की नाही, हे तुम्हाला कळणार तरी कुठून?

मोठ्या जागांनाही हे कोडं सोडवावं लागलंच. यूट्यूबवर नियम मोडला की लागणारा स्ट्राइक ९० दिवसांनी उतरतो. त्याच ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल बंद. इंग्रजी विकिपीडियावर बंदी घातलेल्यांसाठी एक प्रघात आहे: सहा महिने बाहेर राहायचं, दुसऱ्या नावानं आत शिरायचं नाही, आणि पुन्हा तसं करणार नाही असं सांगायचं. मग परत घेण्याचा विचार होतो. मधली अट वाचलीत ना? मला अनारशांपेक्षा नणंदेचा नंबर जास्त खुपतो. अनारसे अडचणीत झाले असतील, नंबर ठरवून वापरला. तो दिवस कोणता, ते तुमच्या चॅटमध्ये सापडेल. तिथून सहा महिने मोजा. दिवाळीपासून नको.

मतदान नको. आठशे जणांचं काय गेलं होतं? विचारायचंच तर त्या १४ घरांना विचारा, आणि तेही परवानगी मागायला नव्हे. तिनंच त्यांना फोन करून काय झालं ते सांगावं. ज्यांना तिच्याकडून पुन्हा घ्यायचं नसेल त्यांनी घेऊ नये. ग्रुपवर जाहीर माफीनामा मात्र लिहायला लावू नका. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते, दोघी-तिघी टोमणे मारून घेतात, आणि कुणाच्याच मनातलं जात नाही.

परत घेताना वाण्याचाच नियम लावा. आगाऊ एक रुपया नाही, डबा हातात पडल्यावर पैसे. ऑर्डर दोन-तीन किलोच्या वर नाही. हे किती महिने, ते पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर ती जन्मभर आरोपीच राहील. आणि पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक छापायला लावणार असाल तर सगळ्यांनाच लावा. घरून विकणाऱ्यांनाही ती नोंदणी लागते, आणि तुमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणींकडे ती नसेल अशी मला दाट शंका आहे. पुन्हा खोटं सापडलं तर मात्र चर्चा नको.

कायमच्या बंदीवाल्या मैत्रिणीला वेड्यात काढू नका. कुणी नासका माल विकून लोकांना आजारी पाडलं असतं, किंवा ग्रुपमधले नंबर उचलून बायकांना त्रास दिला असता, तर मीही तिच्याच बाजूला बसले असते. इथे सगळ्यांचे पैसे परत आलेत. तुमच्या पत्रात ते एका वाक्यात उरकलंय, पण १४ घरांचे पैसे महिन्याभरात उभे करणं सोपं नसतं.

आता तुमचं. रात्री अकराला काढण्याआधी तुम्ही तिला फोन केला होतात का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. केला नसेल, तर स्टेशनवर मोबाइलमध्ये डोकं का जातं ते तुम्हालाच ठाऊक आहे. उद्या गाडी येईपर्यंतच्या चार मिनिटांत एवढं विचारा, 'सासूबाई कशा आहेत?' ग्रुपचा विषय त्या दिवशी काढू नका.

आणि ती परत आली की पहिली ऑर्डर तुम्ही द्या. अनारशांचीच, अर्धा किलो. थोडे हसलेले निघाले तरी घ्या. घरचे आहेत हे तरी कळेल.