पुण्यातली नोकरी सांभाळून भोर-वेल्ह्याकडे गावात राहायचं आहे. तिथे घरापर्यंत फायबर इंटरनेट मिळेल का?

मिळेल हो. आणायला कोणीही येतं, तुटल्यावर जोडायला कोण येतं ते आधी विचारा.

आमचं गाव वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात. भारतनेट ही गावोगाव इंटरनेट न्यायची केंद्राची 2011 ची योजना, आणि ती मुळात ग्रामपंचायतीपर्यंतच केबल न्यायची. 2023 मध्ये 1 लाख 39 हजार कोटींची सुधारित योजना आली, तिच्यात पंचायती रिंगमध्ये जोडायचं ठरलं. एकीकडे तुटलं तर दुसरीकडून चालू राहतं. पण पंचायतीपासून वाडीपर्यंत एकच केबल, आणि तिच्या वाटेत आमच्या चुलत्यांचा बांध.

नानांनी पोल रोवू दिला नाही. कारण काय, तर पूर्वी आमच्या वडिलांनी त्यांच्या पाइपलाइनला वाट दिली नव्हती म्हणे. केबलवाला बिचारा रस्त्याच्या कडेने वळसा घालून आला. आता रस्त्याचं काम निघालं की जेसीबी पहिला घास केबलचा घेतो. राउटरवर लाल दिवा लागतो, मग नसरापूरहून स्प्लायसिंगचं, म्हणजे तुटलेली फायबर जोडायचं, मशीन घेऊन माणूस येईपर्यंत बसा. तो 'निघालोय' म्हणाला की उद्या धरायचा. आणि नानांचा नातू आमच्याच पडवीत बसून सीईटीचे क्लास ऐकतो! पोलाला जागा लागते वीतभर. त्या वीतभर जागेपायी अख्खी वाडी लटकते आणि हे पारावर बसून सरकारला शिव्या घालतात.

लाईट गेली तर फायबरला काही होत नाही, राउटर बंद पडतो. त्याला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. केबल जिथून येते त्या पलीकडच्या पेटीला बॅटरी आहे का तेही केबलवाल्याला विचारा, नाहीतर तुमचा यूपीएस नुसताच जळत राहील. जोडीला मोबाइलचा एक डेटा पॅक हवाच.

हे सगळं वाड्यावस्त्यांचं सांगतोय. भोर गावात किंवा हायवेलगत राहणार असाल तर एवढी कटकट नाही, आणि 5जी टॉवर समोर दिसत असेल तर एअरफायबरवरही, म्हणजे टॉवरवरून बिनकेबलच्या घरात येणाऱ्या इंटरनेटवरही, भागतं.

जागा घेताना सातबारा बघालच. शेजारच्या बांधावरून पोल न्यायची परवानगीही तेव्हाच लेखी घ्या, पंचायतीच्या दोन सदस्यांच्या सह्यांनिशी. तोंडी 'हो' पुढच्या भांडणापर्यंतच टिकतं. आणि नातवाने हे नानांना वाचून दाखवलं तर बरंच होईल: पाइपलाइन अडवली ती आमच्या आजोबांनी. आमचे वडील तेव्हा मुंबईला गिरणीत होते.